पहिलीच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना हाताने करायच्या कोणत्या कृती खरंच उपयोगी पडतात?

तुमचा प्रश्न असा : वर्गात ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. बाजारातला तयार अक्षरसंच घ्यावा का? आणि चिंचोके मांडणं, रव्यात गिरवणं, टाळ्या वाजवून अक्षरं मोजणं यातून वाचन येतं का?

शेवटचं आधी सांगते. बहुतेक वेळा येत नाही. मुलं रमतात, फोटो झकास येतात, पण वाचन आहे तिथेच राहतं.

खडूने काढलेल्या 'क'वर चिंचोके मांडणारं मूल चिंचोके मांडायला शिकतं. अक्षर कुठून सुरू होतं, हात कुठे वळतो, हे त्यात नसतंच. कोणी बुडापासून मांडत जातं, कोणी दोन्ही टोकांकडून मध्ये येतं. शिवाय एखादा चिंचोका हमखास कुणाच्या तरी नाकात जातो. टाळ्यांचं दुखणं वेगळं. 'कमळ' म्हणून टाळ्या वाजवायला सांगा, मूल दोन वाजवेल : क, मळ. बाईंना तीन हव्या असतात, म्हणून त्या रागावतात. पण कान मुलाचाच खरा आहे. आपण लिहितो तीन अक्षरं, बोलतो दोन तुकडे. पहिल्या महिन्यात हा घोळ नको असेल तर 'कमळ', 'बदक', 'नमन' हे शब्दच बाजूला ठेवा आणि 'लाडू', 'गाडी', 'मामी' घ्या. तिथे टाळ्या आणि अक्षरं जुळतात.

इथेच माझं जुनं भांडण सुरू होतं. क ते ज्ञ पूर्ण झाल्याशिवाय काना-मात्रेला हात लावायचा नाही, असं एका वरिष्ठांनी मला भर बैठकीत सुनावलं होतं. त्यांना तेव्हा मला जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. काना-वेलांटी नसलेले शब्द सोपे दिसतात, पण मुलाच्या तोंडी ते फारसे नसतात. पहिलीतलं पोर घरी 'नमन' म्हणत नाही, 'मामी, लाडू दे' म्हणतं. उलट फक्त सहा अक्षरं घ्या : म, क, ग, ड, न, ल. त्यांना काना, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार जोडा. तुकडे नऊच, पण वाचता येणारी अक्षरं २४. लाडू, गाडी, माडी, नाडी, मका, कान, नाक, गाल, मूग, मूल, माकड, लाकूड. फळ्यावर 'मी काकूला लाडू मागू?' लिहिलं तर अख्खं वाक्य या नऊ तुकड्यांतच बसतं. गू पण बसतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. हसू द्या, दोन मिनिटांत ओसरतं.

वेलांटी-उकार दुसरेच का? १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो. शब्द अकारान्त असेल, म्हणजे शेवटच्या अक्षराला काना-वेलांटी काहीच नसेल, तर त्याच्या आधीच्या अक्षरावरचाही दीर्घ, जसं मूग, लाकूड. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द सोडा, ते पहिलीत येतात कुठे? म्हणजे वरच्या शब्दांत सगळीकडे दीर्घच. पहिली वेलांटी आणायला दिवाळीनंतरचा मुहूर्त पुरे. ती लिहायची अक्षराच्या डावीकडे आणि ऐकू येते अक्षरानंतर, तेव्हा उशिरा आलेली बरी. तोवर 'आणि' हा एक शब्द चित्रासारखा ओळखायला द्या.

'ज' आणि 'च' पहिल्या संचात नकोत. 'जाड'मधला ज आणि 'जीभ'मधला ज वेगळा आहे. वेलांटी लावल्यावर अक्षराचा आवाजच बदलला तर मूल गडबडतं, आणि चूक त्याची नसते. 'भ'ही महिनाभर लांब ठेवा, 'म'च्या शेजारी तो फसवतो. गमभन हा क्रम हाताच्या वळणासाठी चांगला आहे, पण डोळ्यांना तोच घात करतो.

आता संच. तयार विकत मिळतात त्यांतल्या सरकपट्ट्या आणि बाराखडीची चक्रं बघा. खुणा दिसण्याची खिडकी अक्षराच्या उजवीकडे असते, म्हणून काना ठीक बसतो. पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला येते आणि उकाराला जागाच नसते. छपाईत ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे. शासन निर्णयात मराठी वळणाचे ल, श ठरवून दिलेले आहेत, पण संगणकावरचे बरेच फॉन्ट ते ऐकत नाहीत. तेव्हा पैसे वाचवा, पुण्यातल्या वह्या-पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात जा आणि घरी बनवा.

२२ × २८ इंची पांढरं जाड कार्डशीट घ्या. १० × १२ सेंमीची कार्डं कापली तर एका शीटमध्ये २८ बसतात. तिघांचा एक गट धरला तर तुमचे १४ गट, प्रत्येकी सहा अक्षरं, म्हणजे ८४ कार्डं. तीन शीट, बरोब्बर. कार्ड उभं धरून शिरोरेषा वरून ४ सेंमीवर मारा, अक्षर साडेचार सेंमी उंच काढा. डावीकडे आणि उजवीकडे ३-३ सेंमी मोकळे सोडा. डावीकडची जागा आता रिकामी दिसेल, ती पुढे येणाऱ्या पहिल्या वेलांटीची. अक्षर लहान-मोठं असलं तरी ते उजव्या कडेपासून ३ सेंमीवरच संपलं पाहिजे, नाहीतर काना कधी चिकटेल, कधी तरंगेल.

काना, वेलांटी आणि उकार पारदर्शक प्लास्टिकवर. साधा एल फोल्डर कापला की १० × १२ चे आठ तुकडे निघतात. तीन खुणा, १४ गट, म्हणजे ४२ तुकडे, सहा फोल्डर पुरतात. लाल परमनंट मार्कर वापरा आणि शिरोरेषेचा छोटा तुकडाही काढा. हा मार्कर प्लास्टिकवरून घामट हातांनी घासून जातो, म्हणून लिहिलेल्या बाजूवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. उकाराचा तुकडा मात्र ६ सेंमी रुंदच कापा, म्हणजे सरकवता येतो. म, ग, न यांची उभी रेघ उजवीकडे, उकार तिच्या बुडाशी लागतो. क, ड, ल यांना तो मधोमध लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं : प्रत्येक तुकड्याचा वरचा उजवा कोपरा तिरका कापा. पारदर्शक तुकडा मुलं उलटा ठेवतात, आणि उलटलेली दुसरी वेलांटी हुबेहूब पहिलीसारखी दिसते. कोपरा कापला नाही तर निम्मा वर्ग 'मी'च्या जागी 'मि' बनवून बसेल आणि का ते तुम्हाला आठवडाभर कळणार नाही. कापलेला कोपरा वर्गाच्या खिडकीच्या बाजूला, एवढं सांगितलं की पोरं एकमेकांचे तुकडे सुलटे करतात. त्यासाठी खिडकी उजवीकडे येईल असं मुलांना बसवा.

तिघांना गोल बसवू नका. गोलात दोघांना अक्षर उलटं दिसतं. पंगतीसारखे एका रांगेत बसवा : एक जण अक्षर ठेवेल, दुसरा काना-वेलांटी, तिसरा वाचेल आणि शब्द झाल्यावर जागा बदलतील. जागा बदलायच्या वेळी टाळी तुम्ही वाजवा, मुलांवर सोडलं तर हुशार पोर तिन्ही कामं करतं. 'मामा'ला दोन म आणि दोन काने लागतात, दुसरे शेजारच्या गटाकडून उसने आणायचे. त्या उसनवारीत म ओळखून मागावा लागतो, हे फुकटचं काम.

तासाचा हिशोब : पाच मिनिटं चिंचोके सरकवत शब्दातली अक्षरं मोजणं (चिंचोके इथे वापरा), पंधरा मिनिटं संच, दहा मिनिटं बनवलेले शब्द पाटीवर लिहिणं, पाच वाटप-आवराआवर. पाटीवर लिहिणं गाळू नका. नुसती कार्डं जुळवली तर वाचन पुढे जातं आणि हात मागे राहतो.

रव्याचं ताट वळणापुरतं ठीक. २८ सेंमीच्या ताटात पाऊण वाटी, थर दोन मिलिमीटरचा. बूड दिसलं पाहिजे, म्हणून खाली काळा कागद. थर जाड झाला की बोट फिरवल्या-फिरवल्या अक्षर बुजतं. जुलै-ऑगस्टात पुण्याच्या दमट हवेत रव्याच्या गुठळ्या होतात आणि मुंग्या येतात, तेव्हा चाळलेली कोरडी वाळू घ्या.

दुसरीला गेलात की पाट्या लिहून घ्या. शहर पुणेरी पाट्यांचं आहे, नमुने कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतील. 'चपला रांगेत ठेवा', 'खडू खाऊ नये' : तीन-चार शब्द, आणि पाटी त्याच वस्तूजवळ. पंधरवड्याने बदला, नंतर मुलांना ती दिसत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हे सगळं घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना धरून लिहिलंय. पुण्यातल्या वर्गांत हिंदी, कन्नड, तेलुगू, बंजारा बोलणारी मुलं असतातच. त्यांना मूग, नाडी माहीत नसतील, तर तो शब्द वाचला काय न वाचला काय. शब्द संचात घ्यायच्या आधी वस्तू किंवा चित्र दाखवून नाव विचारा. आणि दोन-तीन महिन्यांनंतरही एखादं मूल फळ्यावरचं चुकवतं पण हातातलं कार्ड बरोबर वाचतं, तर आधी त्याचे डोळे तपासून घ्या.

संच ठेवायला १४ पाकिटं, प्रत्येकावर '९' असा आकडा मोठा लिहा. मुलांनीच मोजून परत द्यायचे. उकार लहान असल्याने सर्वांत आधी तोच हरवतो, दहा जास्तीचे कापून ठेवा.