कराडच्या शिकाऊ विमानाची सक्तीची तपासणी राहिली असेल तर ते उडवता येतं का?

नाही, मुदत उलटली असेल तर शिकवणीची एक फेरीसुद्धा नाही. हेलिकॉप्टरलाही हाच नियम. सुरक्षेचा दोष सापडला की ज्या देशाचं डिझाइन, तिथलं विमान प्राधिकरण ‘एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह’, म्हणजे तपासणी-दुरुस्तीचा सक्तीचा आदेश, काढतं आणि आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक नियामक, तो पाळायला लावतं. मी अशा विमानांच्या देखभालीत आहे, म्हणून सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाचं सांगतो. तिची सीट रुळांवर सरकते आणि रुळाच्या भोकात पिन बसून अडकते. भोक झिजून लांबट झालं की पिन निसटते. टेकऑफला नाक वर होताच सीट मागे घसरते, घाबरलेला वैमानिक आधाराला योक (विमानाचं स्टिअरिंग) धरतो, तो ओढला जातो आणि नाक आणखी वर जातं. यात माणसं गेली आहेत. म्हणून दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, हे रूळ तपासावेच लागतात. मात्र प्रत्येक आदेशाने विमान लगेच थांबत नाही. काहींत ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असं असतं, काहींत ठरावीक तासांची मुदत. मुलगा शिकत असेल तर विमानाच्या लॉगबुकमधली (नोंदवहीतली) या तपासणीची शेवटची नोंद आणि अभियंत्याची सही दाखवा, असं बिनधास्त म्हणा.