वॉर्डात पेशंट तोंड फिरवतात तेव्हा

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची वॉर्ड पोस्टिंग सुरू झाली, पण पेशंट 'सकाळपासनं चौघांनी हेच विचारलंय' म्हणतात आणि कूस बदलतात, असं तू लिहिलंयस. त्यांचं चुकत नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात माणसं चंदगड, शाहूवाडीपासनं एसटीनं येतात, मजुरी बुडवून. त्यात आपण वही उघडून सरबत्ती सुरू करतो.

आधी आपण शिकतोय हे सांगून टाक. डॉक्टर समजतायत तर समजू देत, असं करू नकोस. राउंडला ते उघड होतंच, मग तो माणूस परत मोकळा बोलत नाही. 'मावशी, मी शिकाऊ आहे, थोडं विचारू का?' एवढं पुरतं.

एटकॉम, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा विषय, २०१९ पासून अभ्यासक्रमात आलं, संवाद शिकवतात, चांगलंच झालं. पण रेसिडेंट डॉक्टरला नसते ती सवड तुला आहे, आणि माझ्या मते विश्वास बसतो तो त्या सवडीमुळंच. आमच्या युनिटला राधानगरीकडच्या एक आजी होत्या. केसपेपरवर 'बीपीच्या गोळ्या नियमित'. एक विद्यार्थिनी स्टूल ओढून बसली. घरी म्हशीचं कोण बघतंय, पाऊस कसा आहे, असं बोलत राहिली आणि मग म्हणाली, 'गोळ्या दाखवा की आजी.' आजींनी पिशवीतनं पाकीट काढलं. महिना संपत आलेला, गोळ्या निम्म्या शिल्लक. 'एक दिसाआड खातो बाई, तालुक्याला जायचं तर गाडीभाडं लागतंय.' डोस वाढवायचं ठरत होतं, ते तिथंच थांबलं.

'व्यसन आहे का' विचारलंस तर बायका नाहीच म्हणतील. मिश्री लावता का, असं विचार. दारूचं नातेवाइकांसमोर नको.

पोट तपासताना हात चोळून गरम कर, दुखतंय तिथून लांबून सुरुवात कर आणि नजर चेहऱ्यावर ठेव. पडदा ओढ. बाई पेशंट असेल तर सिस्टरना शेजारी थांबव.

'मला काय झालंय?' असं विचारलं तर अंदाज सांगू नकोस, 'काही नाही, बरं होईल' असंही नको. 'सरांना विचारून येऊन सांगेन' म्हण आणि खरंच जा. केस प्रेझेंट झाली की बहुतेक मुलं त्या खाटेकडं फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कुणी नकोच म्हणालं तर 'बरं, आराम करा' म्हणून पुढं जा. तुमच्या उपचारात यानं काही फरक पडणार नाही, हेही सांग. सरांकरवी दबाव आणू नकोस.