चिनी चित्रांतले ते उभे सुळके खरोखर असतात की चित्रकाराची कल्पना?

असतात. एवढंच हवं होतं तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं मात्र हे जुनं दुखणं आहे. चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला ग्रंथालयात फान ख्वान या चिनी चित्रकाराच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या चित्राची छपाई पाहिली. मूळ चित्र सहा फुटांहून उंच, रेशमावरचं. बहुतेक जागा एकट्या डोंगराने खाल्लेली, आणि पायथ्याशी मुंगीएवढी खेचरं नि ती हाकणारी माणसं. मी झपाटलो. त्या धाटणीचं एक लँडस्केप करून दिलं. सरांनी ते वर्गासमोर धरलं. "डोंगर असे नसतात. आणि पर्स्पेक्टिव्ह कुठंय?" वर्ग हसला. मार्कही त्याच मापाने पडले. सरांना डोंगर म्हणजे आपला बेसाल्टचा, थरावर थर, माथा सपाट. जीवधनचा वानरलिंगी तरी पाहिला होता का त्यांनी, देव जाणे.

पुढे 2014 साली नोकरीच्या कामाने शांघायला गेलो. चार दिवसांची सुट्टी जोडून आनह्वेइ प्रांतातलं ह्वांगशान गाठलं. सगळ्यात उंच शिखर 1864 मीटर, म्हणजे कळसूबाईहून दोनशे मीटरच जास्त. रोपवे आहे, पण मी हट्टाने पायऱ्या चढलो. गुडघ्यांनी अजून माफ केलेलं नाही. वाटेत हमाल भेटत होते, खांद्यावर बांबूची कावड, तिच्यात वरच्या हॉटेलांसाठी भाज्या नि चादरी. मी रिकाम्या हातांनी धापा टाकत होतो.

वर नुसतं धुकं. पहिला दिवस वाया. दुसऱ्या पहाटे शिशिन शिखराजवळ उभा होतो आणि समोर हवेत एक सुळका उगवला. खाली बूड नाही. खडकाच्या फटीतून आडवा वाढलेला, सपाट डोक्याचा पाइन. मग सुळक्याचा मधला भाग पुसला गेला, आणि वर, जिथे आकाश असायला हवं होतं तिथे, दुसरं टोक दिसलं. चित्रात डोंगराच्या मध्ये कोरी जागा का सोडतात, ते तेव्हा कळलं. तो ढग असतो. मला सर म्हणाले होते, 'काम अर्धवट टाकलंय'. शिशिन या नावाचा अर्थच 'आता विश्वास बसू लागला' असा आहे. त्या शिखराच्या नावाने मी सरांना मनातल्या मनात काय काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

सुळके असे उभे का, त्याचं कारण साधं आहे. ह्वांगशान ग्रॅनाइटचा. त्याला उभ्या भेगा पडतात, त्यांत पाणी शिरतं, गोठतं, खडक उभा चिरत जातो. चीनमधल्याच ग्वेइलिनचे डोंगर चुनखडीचे, पावसाने विरघळून उरलेले. झांगजियाजीचे खांब वालुकाश्माचे. सतराव्या शतकात होंगरन आणि शिताओ या चित्रकारांनी ह्वांगशान पुन्हा पुन्हा रंगवला. होंगरनची ती कोरडी, टोकदार रेषा मला आधी नखरा वाटायची. तिथला खडक तसाच आहे.

आता एक मान्य करतो, नाइलाजाने. चित्र म्हणजे फोटो नाही. फान ख्वान वायव्येकडच्या शाआन्शी प्रांतातला, त्याचा डोंगर ह्वांगशानात शोधू नका. पुष्कळ चित्रकारांनी तर डोंगरापेक्षा जुन्या उस्तादांची चित्रंच जास्त गिरवली. अकराव्या शतकातल्या क्वो शी या चित्रकाराने डोंगर बघायच्या तीन रीती सांगितल्यात: खालून वर, पुढून मागे, जवळून लांब. तिन्ही एकाच चित्रात येऊ शकतात. तिथे आपली इंटरमिजिएटची पट्टी लावून लोपबिंदू, म्हणजे पर्स्पेक्टिव्हच्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, शोधायचा नसतो. म्हणजे सर अर्धे बरोबर होते म्हणा. पण त्यांना तो अर्धा भागही माहीत नव्हता.

जाणार असाल तर वर किमान दोन रात्री राहा. सकाळी रोपवेने चढून संध्याकाळी उतरणाऱ्यांना बरेचदा धुकंच मिळतं, आणि तेच घरी येऊन सांगतात की असे डोंगर नसतात.