बायॉप्सीआधी स्टेरॉइड सुरू केलंय? आजच विचारा

तुमच्या आईंच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये 'लिम्फोमाची शक्यता' (लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) लिहिलंय, बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) पुढच्या आठवड्यात आहे आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कालपासून चालू झालंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. आमच्या बाबांचं असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही. स्टेरॉइड स्वतःहून अजिबात थांबवू नका, अचानक बंद करणं धोक्याचं असतं. पण न्यूरोसर्जनना आजच गाठा.

मेंदूची सूज उतरवायला स्टेरॉइड देतात आणि बहुतेक गाठींमध्ये ते योग्यच असतं. पण लिम्फोमाच्या पेशीच त्याने मरतात. गाठ आकसते, कधी स्कॅनवर दिसेनाशी होते, पेशंट पुन्हा नीट बोलू लागतो. बाबाही बोलू लागले, आम्ही खूश! मग बायॉप्सीत नुसती सूज आणि मेलेल्या पेशी, 'निश्चित निदान नाही'. गाठ गेली म्हणजे इन्फेक्शन असणार, असं म्हणून त्या हॉस्पिटलने घरी पाठवलं. अहो, पहिल्या रिपोर्टात लिम्फोमा हा शब्द छापलेला होता! पुढचा एमआरआय कधी करायचा, हेसुद्धा डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. गाठ दुसऱ्या जागी उगवली आणि दुसऱ्या बायॉप्सीत निदान लागलं, तोवर बाबा आम्हाला ओळखेनासे झाले होते. त्या कार्डाचा संताप अजून जात नाही.

तेव्हा थेट विचारा: स्टेरॉइड आत्ता टाळता येणार नाही का, की बायॉप्सीपर्यंत कमी करत आणता येईल? सूज जिवावर बेतणारी असेल तर द्यावंच लागतं, तिथे वाद नको. स्टेरॉइडनंतरही कित्येकदा निदान लागतं, म्हणून धीर सोडू नका. मात्र बायॉप्सीच्या अगदी आधी एमआरआय पुन्हा करून घ्या.

डोळे स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं सूक्ष्मदर्शक यंत्र) तपासून घ्या, हा आजार तिथेही असू शकतो. कधी डोळ्यातल्या किंवा पाठीतल्या पाण्यातूनच निदान होतं. एचआयव्ही तपासणी सांगितली तर मनाला लावून घेऊ नका, ती या आजारात सगळ्यांचीच करतात.

कुणी 'गाठ पूर्ण काढून टाकू' म्हणालं, तर माझ्या मते आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. कारण मुख्य उपचार म्हणजे मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ३ ग्रॅम किंवा जास्त, आणि नंतर त्याचा त्रास कमी करणारं ल्युकोव्होरिन. त्या दिवसांत किडनीला जपावं लागतं. आयबुप्रोफेन किंवा पॅन्टोप्राझोलसारखी घरात नेहमी असणारी गोळीही डॉक्टरांना न विचारता देऊ नका. अशा गोळ्यांमुळे मेथोट्रेक्सेट शरीरात रेंगाळतं.