‘वॉर्म’ म्हणजे नेमके किती गरम?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात मी मुलाकडे मँचेस्टरला होते. एका दुपारी शेजारीणबाई म्हणाल्या, “इट्स वॉर्म टुडे!” तापमान होते 19 अंश आणि माझ्या अंगात स्वेटर. पुढे एकदा बसमध्ये मला उकडू लागले, म्हणून मी “आय ॲम हॉट” म्हणाले, तर मुलगा हसू लागला. हे शब्द नेमके कसे वापरावेत? – एक वाचक, सातारा

उत्तर : शेजारीणबाईंचे चुकले नाही आणि आपल्या स्वेटरचेही नाही. हवेविषयीची इंग्रजी विशेषणे अंशांत मोजता येत नाहीत. त्या गावी, त्या ऋतूत बोलणाऱ्याची जी अपेक्षा असते, तिच्या तुलनेत ती वापरली जातात. मँचेस्टरला मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने 16-17 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे 19 अंश तेथे ‘वॉर्म’ ठरतात. लंडनमध्ये सलग तीन दिवस कमाल तापमान 28 अंश किंवा त्याहून अधिक राहिले की ब्रिटिश हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. आपले हवामान खाते मैदानी भागात पारा निदान 40 अंशांवर गेल्याखेरीज तसा विचारही करत नाही. ‘माइल्ड’चेही असेच आहे. तो शब्द मुख्यतः हिवाळ्यात, अपेक्षेइतकी थंडी नसल्याचे समाधान व्यक्त करताना वापरतात.

‘वॉर्म’मध्ये सुखावणारी ऊब आहे, जी आपल्या ‘गरम’मध्ये नाही. जुन्या पिढीतील माणसे आंघोळीला ‘ऊन पाणी’ काढत, ते ‘वॉर्म’च्या सर्वांत जवळचे. ‘ल्यूकवॉर्म’ म्हणजे कोमट. मात्र चहाला ते विशेषण लावले की ती तक्रार असते. ‘कूल’ आणि ‘कोल्ड’ यांची जोडी तर ‘गार’ आणि ‘थंड’ यांच्याशी जुळतच नाही. आपण ‘जेवण गार झाले’ म्हणतो, तेथे इंग्रजीत ‘कोल्ड’च हवे, ‘द फूड इज कूल’ म्हटल्यास जेवण झकास आहे असा समज होण्याचा संभव अधिक. या दोहोंच्या मध्ये ‘चिली’ येते, म्हणजे अंगावर शाल घ्यावीशी वाटावी इतपत गारठा.

आता बसमधील प्रसंग. “आय ॲम हॉट” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि इंग्रज माणसेही ते बोलतात. घोटाळा इतकाच की, मराठीत उकाडा माणसाला होतो, ‘मला उकडते’ असे आपण म्हणतो; इंग्रजीत मात्र माणूसच कर्ता होतो आणि विशेषण थेट त्याला चिकटते. व्यक्तीला लावलेल्या ‘हॉट’चा ‘आकर्षक’ असाही अर्थ होत असल्याने चिरंजीवांना हसू आले असावे. “इट्स हॉट इन हिअर” म्हटले की प्रश्न मिटतो. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे ‘टेंपरेचर इज हॉट’ हे वाक्य मात्र टाळावे, कारण तापमान ‘हाय’ किंवा ‘लो’ असते. ‘हॉट’ असते ती हवा. तसेच ‘फ्रीझिंग’मध्ये पराकाष्ठा आधीच आलेली असल्याने त्यामागे ‘व्हेरी’ लावत नाहीत. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ चालते.

उकाड्याच्या शब्दांत आपल्याला रस वाटेल. पाऊस सुरू होण्याआधी मुंबईत अंगाला सदरा चिकटतो, त्या हवेला वृत्तनिवेदक ‘ह्यूमिड’ म्हणतील, तर घाम पुसणारा माणूस ‘मगी’ म्हणेल. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात वैताग. पानही हलत नाही, आभाळ दाटून आलेले आहे आणि जीव गुदमरतो, अशा वेळी आपण ‘हवा कुंद आहे’ म्हणतो. त्यासाठी ब्रिटनमध्ये ‘क्लोस’ हे विशेषण आहे. त्याचे स्पेलिंग दार बंद करण्याच्या ‘क्लोझ’सारखेच असले, तरी शेवटचा उच्चार ‘स’ असा करावा.