काकांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'मुलं पळवणारी टोळी आलीय' हा मेसेज अधूनमधून येतोच. सगळे शिकलेले लोक, तरी घाबरतात कसे? (पुणे)

शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही हो. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही वाक्यं दोन-दोन आठवड्यांनी परत परत ऐकवली, आणि जी वाक्यं आधी कानावरून गेलेली ती लोकांना जास्त खरी वाटायला लागली, मग ती खोटी असली तरी. त्यात तुमचा मेसेज पेपरवाल्याकडून नाही, सख्ख्या काकांकडून आलेला असतो.

१ जुलै २०१८ आठवतोय? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले, पोरं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडून ठार मारलं. त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाईकवरचे दोघं पोर उचलून नेतात असा. तो होता कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा बोर्ड दाखवतात, पण तेवढाच भाग कापलेला! म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता, अर्धा होता, आणि अर्धं खरं पकडणं जास्त अवघड. दुसरं म्हणजे मेसेजने भीती फक्त पेरली, ती फिरस्त्या लोकांवरच का निघाली? कारण त्यांच्याकडे चोर म्हणून बघायची सवय आपल्याला मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून आहे.

आई दिवसभर क्राईमच्या सिरियल आणि बातम्या बघते. आता सातनंतर खाली उतरायला घाबरते, एरिया तर तोच आहे. (नाशिक)

जॉर्ज गर्बनर नावाच्या संशोधकाने हेच मांडलं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्याला जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटायला लागतं. पण खरं सांगू का, काही वेळा आधी एकटेपणा येतो आणि मग टीव्ही. त्यामुळे रिमोट काढून घेऊ नका, संध्याकाळी सोबत भाजी आणायला घेऊन जा.

व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर लिमिट आलं, त्याने काही फरक पडला का? (ठाणे)

पडला, थोडा. २०१८ च्या जुलैत भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा आली, एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आली आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीच म्हणते. पण कॉपी-पेस्टला कोण अडवणार?

सासरे रोज काहीतरी भलतं आरोग्यविषयक टाकतात. ग्रुपवर खोडून काढू का? (कोल्हापूर)

ग्रुपवर अजिबात नको, चारचौघात मान गेला की माणूस चूक असली तरी हट्टाला पेटतो. पण गप्पही बसू नका. २०२० च्या सुरुवातीला 'चिकनने कोरोना होतो' एवढ्या एका अफवेने आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्या मातीमोल भावात विकाव्या लागल्या, काहींनी तर फुकट वाटल्या. तेव्हा फोन करा किंवा समोर बसा, 'बाबा, हे तुम्हाला कोणी पाठवलं?' एवढंच विचारा. आणि ते खोटं निघालं तर 'चुकीचा मेसेज होता' हे त्यांनाच ग्रुपवर टाकायला सांगा, त्यांचं लोक ऐकतात, सुनेचं ऐकतीलच असं नाही.