पाकळी सुकली की पडतेच

प्रिय बाळ,

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही. तुमच्या पिढीला त्याचं काही वाटायचं नाही. पण मी एकोणीस वर्षांचा असताना वसतिगृहातून घरी पहिलं बिनश्रीचं कार्ड टाकलं, तेव्हा आईने ते पोस्टमनच्या हातून घेतलं आणि ओटीवरच मटकन खाली बसली. तिला वाचता येत नव्हतं, 'श्री' तेवढा ओळखता यायचा. बिनश्रीचं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, एवढं तिला पक्कं ठाऊक. शेजारच्या पोराने येऊन मजकूर वाचून दाखवीपर्यंत ती रडत होती. मजकूर काय, तर मेसचे पैसे पाठवा! माझ्या नास्तिकपणाची ही पहिली कामगिरी. पुढे आई असेपर्यंत घरच्या पत्रावर मी 'श्री' घालत राहिलो. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. म्हणो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऐन गौरी-गणपतीत तुला पडवीत बसवलं, चार दिवस ताट लांबून सरकवलं, आणि पाचव्या दिवशी आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर तू 'मी देव मानत नाही' असं सांगून टाकलंस. आता आई बोलत नाही, काका म्हणतात मुंबईला पाठवून पोरगी बिघडली, आणि देव नाही हे या सगळ्यांना कसं पटवायचं, असं तू मला विचारतेस.

पटवू नकोस. तुझी तक्रार पडवीची होती. तिला देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न जोडलास आणि काकांची सुटका केलीस. देव आहे की नाही यावर ते रात्रभर बोलतील, दासबोधापासून नासापर्यंत. पोरीला पडवीत का बसवलं, यावर त्यांना दोन मिनिटं बोलता यायचं नाही.

मुंबईने बिघडवलं, हे मात्र त्यांना खोडून सांग. आपल्या कोकणात हर्णैच्या अल्याड-पल्याड दोन गावं आहेत. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीत १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. १८९९ला केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले ते पहिले भारतीय, आणि जन्मभर उघड बुद्धिवादी. इकडे मुरूडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि देव मानत नाही हे कधी लपवलं नाही. बाईच्या शरीराला विटाळ म्हणायचं नाही, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नारळी-पोफळीतल्या माणसाने लिहून ठेवलंय. काकांना समुद्राची हवा बाधली म्हणायची, तर ती जुनीच आहे.

आता कौलाची गोष्ट. लहानपणापासून बघतेस तू, देवाला प्रश्न घालायचा, मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. तुझ्या वयाचा असताना मला वाटायचं की कौलाचं बिंग फोडलं की गाव शहाणं होईल. घरी काळ्या पाट्यावर पाणी लावून पाकळ्या चिकटवल्या आणि दिवसभर वहीत मांडत बसलो. जिकडून वारा, तिकडची पाकळी आधी सुकते आणि आधी पडते. खिडकी लावली की निकाल बदलतो. ती वही घेऊन मी थेट गुरवाकडे गेलो. त्याने शांतपणे ऐकलं, पान लावलं आणि म्हणाला, "मास्तर, पाकळी सुकली की पडतेच. ता मला काय ठावक नाय? पण दोन भावांच्या बांधाचं भांडण कोर्टात ग्येलं तर बारा वर्षं जातील. हितं एका सकाळीत मिटतं."

मी वही मिटून घरी आलो. पुढची कितीतरी वर्षं मला त्यावर उत्तर नव्हतं. माणूस खरंच बोलत होता. उजवा कौल आला की दोघे भाऊ मुकाट्याने घरी जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

उत्तर सापडलं ते एका विधवेमुळे. सासरच्या घरातला वाटा मिळावा म्हणून तिने देवाला कौल लावायची विनंती केली. मानकरी म्हणाले, असले प्रश्न देवाला घालायची रीत नाही. झालं. पाकळी चिकटलीच नाही, तर पडणार कुठून? तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या जागी बघत होतो. पाकळी कशी पडते यात काही नाही. देवापुढे प्रश्न कुणी ठेवायचा, कुठला ठेवायचा, हे देवळाबाहेर आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं ते गाऱ्हाणं कोण घालतो, ते बघ. पालखी कुठल्या वाडीत नाचते आणि कुठल्या वाडीच्या कडेने जाते, ते बघ. माझा धर्माशी वाद आहे तो इथे, आणि तो मला आस्तिकांबरोबर बसूनही घालता येतो. देव नाही, हे मला पटलेलं आहे, पण ते मी कुणाला विचारल्याशिवाय सांगत नाही.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा प्रश्न पाण्याचा होता. तळं नगरपालिकेचं, सर्वांना खुलं करायचा ठराव कागदावर झालेला, तरी पाण्याला हात लावल्यावर लोक मारायला धावले आणि नंतर तळं गोमूत्र-शेणाने शुद्ध करून घेतलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली गेली. आधी तळं, मग ग्रंथ, हा क्रम मला फार शिकवून गेला.

भीती वाटते, लिहिलंस. वाटू दे, गावकी ही साधी चीज नाही. वाळीत टाकलेल्या घरांच्या बातम्या रायगड-रत्नागिरीतून इतक्या आल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. देशात तो पहिलाच. जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. नंबर पाठ करू नकोस, पण असा कायदा आहे हे चारचौघांत एकदा सहज बोलून ठेव, त्यानेही आवाज खाली येतात. कुठल्या फॉर्मवर धर्माचा रकाना आडवा आला, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगून ठेवलंय की 'मला धर्म नाही' असं म्हणायचा हक्क माणसाला आहे. आणि ही वाट सुखाची आहे असं मी लिहिणार नाही. दाभोलकर स्वतः नास्तिक होते, तरी आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, असं जन्मभर समजावत फिरले. २० ऑगस्ट २०१३ला त्यांना गोळ्या घातल्या.

एक टोचणी मलाही आहे. देवराई. राखणदाराच्या भीतीने आपल्या राईत कुणी काटकी मोडत नव्हतं. मी वर्गात पोरांना सांगायचो, राखणदार वगैरे काही नसतो. नंतर झोप लागेना, कारण भीती गेली तर झाडं राहतील कशी? झाडं गेलीच, पण माझ्या पोरांनी नाही तोडली. जांभ्याचं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, वर्गणी कमी पडली, तेव्हा राईतले ऐन आणि किंजळ विकले. विकण्याआधी कौल लावला होता. उजवा आला.

त्या जीर्णोद्धाराचा हिशोब मी अजून मागतोय. देवस्थान नोंदलेला न्यास असेल तर हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावाच लागतो. तुला वाद घालायची खाज असेल तर ये, अर्ज लिहायला तुझं अक्षर चांगलं आहे. आणि हो, तुझ्या कॉलेजातले काही मित्र फक्त मोहल्ल्याच्या बाबतीत नास्तिक असतात, तसली होऊ नकोस. आपल्या अंगणातला केर आधी.

माझे वडील गेले तेव्हा मी क्षौर केलं नाही. दहाव्याला खाडीकाठी भावाबरोबर गेलो, बाजूला उभा राहिलो. कावळा शिवेना. तास झाला, उन्हं वर आली. मग भाऊ पिंडासमोर हात जोडून मोठ्याने म्हणाला, "धाकटा कसाही वागला तरी त्याला घराबाहेर काढणार नाही." तरी कावळा आला नाही. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. म्हणजे खऱ्या कावळ्यावाचून अडत नव्हतं, ही सोय धर्माने करून ठेवलेलीच आहे. भावाने मात्र शब्द पाळला. आम्ही अजून एका चुलीवर आहोत, आणि त्या दर्भाच्या कावळ्याला हसायची माझी छाती नाही.

आता आईचं. तिला फोन कर, आणि नास्तिक हा शब्दही काढू नकोस. तिला विचार, तुला पहिल्यांदा पडवीत कधी बसवलं, पाऊस होता का, दिवा होता का, जेवण कोण द्यायचं. मला वाटतं हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

शिमग्याला येशीलच. पालखी तुमच्या अंगणात येईल तेव्हा मी दरवर्षीसारखा गडग्यावर बसलेला असेन. ओट्या भरून होईपर्यंत मी तिथे चहा पितो. पालखीवाल्यांना आता त्याची सवय झाली आहे, कप तेच आणून देतात.

तुझे,
सर